ब्लू बॉटल: एक जीव की अनेक?

प्रश्न थोडक्यात असा होता: पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येणारी ब्लू बॉटल ही जेलीफिश नसून अनेक जीवांची वसाहत असते असं वाचलं. त्यातले काही जीव फक्त खातात, काही फक्त डंख मारतात, काही फक्त प्रजननाचं काम करतात. मग ज्यांना स्वतःची पिल्लं कधीच होत नाहीत ते जीव उत्क्रांतीत टिकले कसे? आणि मुळात हे सगळे एकत्र यायला तयार कसे झाले?

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण गाठ तिथेच आहे. ते एकत्र आलेच नाहीत. ते कधी वेगळेच झाले नाहीत.

पंचवीस वर्षं पदवीच्या वर्गाला प्राणिशास्त्र शिकवताना हा गैरसमज मी दरवर्षी ऐकत आलोय. 'चार वेगवेगळ्या प्राण्यांनी मिळून बनलेला प्राणी' हे वाक्य व्हिडिओंमधून फिरतं आणि मुलांच्या डोक्यात घट्ट बसतं. त्याला थोडा आपला शब्दही कारणीभूत आहे. वसाहत म्हटलं की कुठून कुठून माणसं आली, जागा धरली आणि शेजारी झाली असं चित्र उभं राहतं. मला त्यापेक्षा 'बेट' हा शब्द जास्त चपखल वाटतो, बांबूचं बेट म्हणतो त्या अर्थाने. बेटातला एकही बांबू बाहेरून आलेला नसतो. सगळे एकाच मुळातून फुटलेले असतात आणि जमिनीखाली अजूनही जोडलेले असतात. आता असं समजा, की त्या बेटातल्या काही बांबूंना फक्त पानं येतात, काहींना फक्त फुलं, काही नुसते काटेच होऊन उभे राहतात आणि सगळे एकाच मुळातून जेवतात. ब्लू बॉटल म्हणजे समुद्रावर तरंगणारं असं एक बेट.

बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने ओबेलियाची, म्हणजे समुद्रात फांदीसारख्या वाढणाऱ्या एका छोट्या वसाहतीच्या प्राण्याची, स्लाइड पाहिलेली आणि जर्नलमध्ये काढलेली असते. गुलाबी रंगवलेली नाजूक फांदी. फांद्यांच्या टोकांना वाटीसारख्या कोशात बसलेले, शुंडकांचा (बारीक सोंडांचा) झुबका पसरलेले पॉलिप, म्हणजे वसाहतीतले एकेक नळीसारखे जीव, आणि फांदीच्या बेचक्यात लांबट सुरईसारखे वेगळेच काही. त्या सुरईत तोंड नाही, शुंडकं नाहीत. मधल्या दांड्यावर बारीक चकत्यांसारख्या कळ्या आहेत, त्या पुढे सुटून छोटे मेड्युसा, म्हणजे छत्रीसारखे पोहणारे जीव, होतात. म्हणजे कामाची वाटणी इथेच दिसते: एक खाणारा, एक जन्म देणारा. परीक्षेत 'बहुरूपता' म्हणून चार गुण मिळतात आणि स्लाइड पेटीत परत जाते. पण खरी गोष्ट स्लाइडमध्ये दिसतच नाही, कारण ती मेलेल्या प्राण्याची आहे. जिवंत ओबेलिया सूक्ष्मदर्शकाखाली धरा. दांड्याच्या आतल्या पोकळीत अन्नाचे कण सरकताना दिसतात. थोडे वर जातात, थबकतात, मग उलटे फिरून खाली येतात. सगळ्या पॉलिपांचं पोट एकच आहे. टोकाच्या पॉलिपाने गिळलेला घास काही वेळाने त्या बिनतोंडाच्या सुरईलाही पोचतो. ही एक गोष्ट नीट पाहिली की पुढचं निम्मं उत्तर समजतं. ज्याला दुसऱ्याच्या पोटातून जेवण मिळतं, त्यालाच स्वतःचं तोंड टाकून देणं परवडतं.

आता ब्लू बॉटल. शास्त्रीय नाव फायसेलिया. प्रजाती किती, हा वाद जुना होता. २०२५ मध्ये जगभरातल्या नमुन्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि एकच समजल्या जाणाऱ्या या प्राण्याच्या निदान चार प्रजाती आहेत असं त्यातून पुढे आलं. अटलांटिकमधला मोठा 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर' ३० सेंटिमीटरपर्यंतचा फुगा घेऊन फिरतो. आपल्याकडे येतात ते बरेच लहान, बहुधा एकच लांब शुंडक लोंबणारे.

वाळूत चपटा झालेला नमुना बघून काही कळत नाही. नुकता लागलेला, फुगा अजून ताठ असलेला नमुना लांब चिमट्याने उचलून समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये ठेवायचा. (हाताने नाही. मेलेल्या, अर्धवट सुकलेल्या शुंडकातल्या दंशपेशीसुद्धा फुटतात. मुलांना हे मी किनाऱ्यावर पाऊल टाकण्याआधी दोनदा सांगतो.) ट्रेमध्ये पहिल्यांदा नजर जाते ती फुग्याकडे. वर गुलाबी झाक असलेली कडा, ते त्याचं शीड. आत हवा असते, पण फुग्यातली एक ग्रंथी त्यात कार्बन मोनॉक्साइडही सोडते. तोच वायू, जो बंद खोलीत शेगडी पेटवल्यावर माणसाचा जीव घेतो. मग भिंग घेऊन फुग्याच्या खाली बघायचं. निळ्या-जांभळ्या नळ्यांचा दाट घोस असतो. काही नळ्यांच्या टोकाला तोंड आहे आणि त्या सावकाश वळवळत असतात, चाचपडत असतात. हे गॅस्ट्रोझूइड, म्हणजे खाणारे. लांब शुंडकावर निळ्या मण्यांची माळ ओवल्यासारखी दिसते आणि प्रत्येक मणी दंशपेशींनी खच्चून भरलेला असतो. मासा अडकला की शुंडक आखडतं आणि त्याला वर ओढतं. मग आजूबाजूची तोंडं एकामागून एक त्याच्या अंगाला चिकटतात, ओठ पसरतात आणि पूर्ण मासा झाकून टाकतात. जेवतात ती डझनावारी तोंडं, पण अन्नरस उतरतो एकाच सामाईक पोकळीत. तिसरा भाग बारीक द्राक्षांच्या घोसांसारखा दिसतो, तो प्रजननाचा. एका ब्लू बॉटलमधले सगळे घोस एकाच लिंगाचे असतात, सगळे नर किंवा सगळे मादी.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. ब्लू बॉटलच्या बहुतेक नातेवाइकांमध्ये, म्हणजे सायफोनोफोर गटातल्या इतर प्राण्यांत, शुंडक खाणाऱ्या पॉलिपाच्याच बुडाशी असतं. एकच जण पकडतो आणि खातो. फायसेलियात ही दोन कामंही वेगळी झालीत. खाणाऱ्याला शुंडक नाही आणि शुंडकवाल्याला तोंड नाही. म्हणजे श्रमविभागणी ही एकदा होऊन संपलेली घटना नाही. वाटलेलं काम पुन्हा वाटलं जातं.

'श्रमविभागणी' हा शब्द प्राणिशास्त्रात अर्थशास्त्रातून आला. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण दिलं होतं. १८२७ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्सने तीच कल्पना शरीरातल्या अवयवांना लावली, आणि पुढे डार्विनने ती उचलली. सायफोनोफोर मात्र सगळ्यांनाच अडचणीत टाकत होते. 'रॅटलस्नेक' जहाजावरून प्रवास करताना इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलीने हे प्राणी ताजे ताजे तपासले आणि त्याचं मत पडलं की हा एकच प्राणी आहे, त्याचे अवयव तेवढे अनेक आहेत. त्याच सुमारास, १८५१ मध्ये, जर्मनीत प्राणिशास्त्रज्ञ रुडोल्फ लॉयकार्टने उलट मांडणी केली: हे अवयव नाहीत, रूप बदललेल्या व्यक्ती आहेत. आणखी एक जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल कॅनरी बेटांवर त्यांच्या अळ्या वाढवत बसला होता. अळीचे तुकडे केले तर तुकड्यांतूनही प्राणी वाढू शकतो हे त्याने दाखवलं. हा वाद पुढे कित्येक दशकं चालला. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते, फक्त दोघे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. लॉयकार्ट 'हे कशापासून बनलं' ते सांगत होता आणि हक्सली 'हे आता काय आहे' ते.

कशापासून बनलं ते वाढीत दिसतं. एक फलित अंडं असतं. त्याची लांबट अळी होते. तिच्या एका टोकाला फुगा तयार होऊ लागतो, दुसऱ्या टोकाला तोंड फुटतं. हा पहिला पॉलिप. बाकी सगळे त्यानंतर कळ्या फुटून येतात. फायसेलिया सोडून बहुतेक सायफोनोफोर लांब दोरीसारखे असतात आणि त्यांच्यात कळ्या ठरलेल्या जागीच फुटतात. एक वाढीची जागा पोहण्याच्या घंटा (पाणी मागे ढकलणारे घंटेच्या आकाराचे भाग) बनवते, दुसरी बाकी सगळं. कळी फुटते, तिचे भाग होतात, आणि प्रत्येक भागाचं काय व्हायचं ते ठरलेल्या क्रमाने होतं: खाणारा, मग आडोसा देणारा, मग प्रजननाचा. पुन्हा तोच क्रम, पुन्हा तोच. दोरी लांब होत जाते तसे जुने संच मागे सरकतात. २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या खोल समुद्रात ॲपोलेमिया जातीचा असा एक प्राणी वर्तुळात वेढे घालून बसलेला कॅमेऱ्यात सापडला. त्याचं फक्त बाहेरचं वेटोळं ४७ मीटर भरलं.

घंटा, खाणारा, प्रजननाचा, सगळ्यांची जनुकं तीच असतात. वेगळं असतं ते कोणती जनुकं कुठे चालू आहेत ते. आपल्या शरीरातही हेच होतं. डोळ्यातली पेशी आणि यकृतातली पेशी यांचा मूळ मजकूर एकच, वाचलेली पानं वेगळी.

आता तुमचा मुख्य प्रश्न: ज्यांना पिल्लं होत नाहीत ते टिकले कसे? तुमच्या यकृताच्या पेशीला कधी मूल झालं नाही, तरी यकृत टिकलं, कारण यकृत चांगलं चालणाऱ्याला मुलं झाली आणि त्या मुलांतही तसंच यकृत बनलं. फायसेलियाचा खाणारा पॉलिप तसाच. तो आणि शेजारचा प्रजननाचा घोस एकाच अंड्यातून आलेत. घोसातून जे बाहेर जातं त्यात खाणाऱ्याची सगळी जनुकं असतात. मधमाशीच्या कामकरी माश्यांशी तुलना करून बघा. सख्ख्या कामकरी बहिणींमध्ये सरासरी तीन चतुर्थांश जनुकं समान येतात, आणि १९६४ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टनने नात्याचं गणित मांडलं तेव्हा त्या त्यागाचा खुलासा करता आला. ब्लू बॉटलमध्ये नातं शंभर टक्के आहे. म्हणून 'त्याग' हा शब्दच इथे लागू होत नाही. ज्याच्यासाठी सोडायचं तो आपणच असतो.

पण इथे थांबलो तर उत्तर अर्धवट राहील, आणि बरीच पुस्तकं इथेच थांबतात. नातं शंभर टक्के असणं पुरेसं नाही. दगडी प्रवाळाचा एक मोठा गोळा म्हणजे हजारो पॉलिप, बहुधा एकाच अंड्यातून आलेले. तरी ते जवळजवळ सगळे सारखे असतात. प्रत्येकाला तोंड, शुंडकं आणि प्रजननही. नातं तेच, जोडणीही आहे, मग वाटणी का नाही? माझं मत असं: प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपाची कमाई तो बसला आहे तिथेच होते. त्याच्या अंगातल्या सूक्ष्म शैवालाला जागेवर ऊन मिळतं. एकाने उन्हाचं काम सोडून दुसरं काम घेतलं तर बाकीच्यांना त्यातून फार काही मिळत नाही. उलट उघड्या समुद्रात तरंगायचं, पोहायचं, लांबवर गळ टाकायचा आणि आलेला मासा पचवायचा, या सगळ्या कामांना वेगवेगळी अवजारं लागतात आणि एकच आकार सगळ्यात चांगला होऊ शकत नाही. तोंड असलेली घंटा चांगली पोहत नाही. अर्धं-अर्धं करण्यात तोटा आणि एकेकाने पूर्ण करण्यात नफा, अशी परिस्थिती असेल, पोटांचा नळ जोडलेला असेल आणि नातं पूर्ण असेल, तेव्हा वाटणी पुढे सरकते. तिन्ही लागतात.

'उघडा समुद्र' हेच कारण आहे असं मात्र समजू नका. खडकाला चिकटून आयुष्य काढणारे ब्रायोझोआ आहेत. तुम्ही ते नक्की पाहिलेत, फक्त ओळखलं नसेल. वाहून आलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर किंवा शेवाळाच्या पानावर पांढरी, नाजूक जाळी चढलेली असते, लेस लावल्यासारखी. त्या जाळीचं एकेक घर म्हणजे एक झूइड (वसाहतीतला एक जीव), मिलिमीटरपेक्षा लहान. जगात त्यांच्या सुमारे ६,००० जिवंत जाती आहेत. काही जातींत या घरांच्या मधूनमधून पक्ष्याच्या डोक्यासारखा एक प्रकार असतो, त्याला चोच असते आणि ती उघडझाप करते. नाव ॲव्हिक्युलेरिया. डार्विनने 'बीगल'च्या प्रवासात हे गिधाडाच्या डोक्यासारखे अवयव पाहिले. डोकं घरापासून तोडून वेगळं केलं तरी खालचा जबडा उघडतो-मिटतो, हेही त्याने टिपलं. त्या चोचीमागे पोट नसतं. ती दुसऱ्यांच्या कमाईवर जगते आणि अंगावर चढू पाहणाऱ्या बारीक प्राण्यांना धरते. पुढे टीकाकारांनी विचारलं, की अशी विचित्र चोच एकदम कुठून आली? 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८७२ च्या आवृत्तीत डार्विनने उत्तर दिलं, की ही चोच म्हणजे रूप बदललेला झूइडच आहे, आणि घराचं झाकण व चोचीचा जबडा हे एकाच भागाचे दोन अवतार आहेत. ब्रायोझोआचं एक बरं म्हणजे त्यांचं घर चुन्याचं असतं, ते दगडात टिकतं. सायफोनोफोर मऊ असतात, त्यांचं जवळजवळ काहीच मागे उरत नाही. त्यामुळे कामाची वाटणी दगडात वाचायची असेल तर ब्रायोझोआच बघावे लागतात. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या क्रिटेशियस काळातल्या जाळ्यांत या चोची दिसू लागतात.

'एकत्र आले नाहीत' हे मी सुरुवातीला इतकं ठासून का म्हटलं, ते बोट्रिलसकडे पाहिलं की कळतं. हा वसाहतीने राहणारा समुद्री पिचकारी-प्राणी, खडकांवर आणि बोटींच्या तळाला फुलासारख्या नक्षीत पसरतो. याच्या दोन वेगवेगळ्या वसाहती वाढता वाढता एकमेकींना भिडल्या तर खरोखर जुळू शकतात, रक्तवाहिन्या एक होऊ शकतात. म्हणजे इथे 'एकत्र येणं' घडतं. मग काय होतं? एका वसाहतीच्या मूळपेशी दुसरीच्या रक्तातून जाऊन तिच्या प्रजननाच्या जागा बळकावू शकतात. दुसरी वसाहत खाते-पिते, पाणी गाळते, आणि पिल्लं मात्र पहिलीची जन्माला येतात. म्हणूनच बोट्रिलसमध्ये जुळण्याआधी कडक ओळखपरेड असते. ओळखीच्या जनुकाची निदान एक प्रत समान असेल तरच जुळतात, नाहीतर सीमेवर पेशी मारून भिंत उभी करतात. ती समान प्रत बहुधा जवळच्या नात्यातच सापडते. परक्यांशी एक होण्यात किती धोका आहे याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. ब्लू बॉटलचा प्रत्येक झूइड एकाच अंड्यातून येतो, म्हणून तिच्या आत असं भांडण उभंच राहत नाही.

काम नेहमी जन्माने ठरलेलं असतं असंही नाही. नॅनोमिया नावाच्या छोट्या सायफोनोफोरमध्ये पोहण्याच्या घंटा दोन रांगांत असतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की टोकाजवळच्या लहान, तरुण घंटा दिशा वळवतात आणि मागच्या मोठ्या, जुन्या घंटा जोर लावतात. टोकाजवळ असल्यामुळे लहान घंटेच्या थोड्या धक्क्यानेही आख्खा प्राणी वळतो, तरफेसारखा. घंटा एकाच प्रकारची, वय वाढलं की जागा सरकते आणि काम बदलतं.

आणि आता एक-की-अनेक या वादाला सगळ्यात मोठी अडचण. सायफोनोफोरांच्या एका मोठ्या गटात दोरीच्या शेवटचा संच, म्हणजे एक खाणारा, एक आडोसा आणि प्रजननाचे भाग, सुटून निघून जातो. तो स्वतः पोहतो, शिकार करतो आणि अंडी किंवा शुक्रपेशी सोडतो. त्याला यूडॉक्सिड म्हणतात. जुन्या संशोधकांनी असे कित्येक यूडॉक्सिड वेगळी जात समजून नावानिशी नोंदवले होते. केळीच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा काढून दुसरीकडे लावावा तसं हे आहे. मग तो अवयव होता, की व्यक्ती, की पिल्लू? माझं उत्तर असं, की 'व्यक्ती' हा आपला शब्द आपल्यासारख्या प्राण्यांवरून बेतलेला आहे. आपल्यात तीन गोष्टी योगायोगाने एकत्र येतात: वेगळं शरीर, वेगळी जनुकं आणि नैसर्गिक निवड ज्यावर काम करते ते एकक. ब्लू बॉटलमध्ये शरीराचे भाग मूळ पॉलिपांपासून आलेत, म्हणून उगम बघाल तर ती अनेक आहे. निवड मात्र पूर्ण ब्लू बॉटलवर होते, एकट्या पॉलिपावर नाही. त्या अर्थाने ती एक. तुम्ही विचारलेला उत्क्रांतीचा प्रश्न दुसऱ्या अर्थाचा आहे, म्हणून तुमच्यापुरतं उत्तर: एक.

कोकणच्या किनाऱ्यावर निळी, नाण्याएवढी, कडेने झालर असलेली चकतीही येते, पॉर्पिटा. तीही वसाहत, तीही तरंगते, तीही निळी. पण ती सायफोनोफोर नाही. तिच्या वंशात तरंगणारी वसाहत स्वतंत्रपणे घडली. दोन्ही शेजारी पडलेल्या दिसल्या तर भिंगाने तुलना करून बघा.

आणि एक निरीक्षण तुम्हाला स्वतःला करता येईल. ब्लू बॉटलचे फुगे दोन प्रकारचे असतात, डावे आणि उजवे. एकाचं शीड वाऱ्याला एका बाजूने तिरकं धरतं, दुसऱ्याचं उलट. हे वाऱ्यामुळे ठरत नाही. अळीवर पहिल्या कळ्या कुठल्या बाजूला फुटल्या यावरून ते लहानपणीच ठरून जातं. जुलै-ऑगस्टमध्ये भरतीनंतर किनाऱ्यावर वीस-पंचवीस ताजे फुगे दिसले, तर कडा आपल्यासमोर ठेवून त्यांचा निळा घोस कोणत्या बाजूला आहे ते काठीने न हलवता बघा, दोन्हींची संख्या वहीत लिहा, आणि त्या दिवशीचा वारा कुठून होता तेही.